फिलिप होन : लिलावदार, न्यूयॉर्कचा महापौर आणि शहराची रोजकीर्द लिहिणारा माणूस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कबद्दल वाचायला लागलं की होनचं नाव सारखं भेटतं. आग, साथ, बँका बुडणं, नळाचं पाणी येणं, काहीही घ्या, साक्षीला हाच उभा असतो. तरी मराठीत त्याच्याबद्दल कुठे काही सापडत नाही, म्हणून मला विचारले जाणारे आणि वाचताना मला स्वतःला पडलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

फिलिप होन नेमका कोण होता?

न्यूयॉर्कचा व्यापारी. जन्म २५ ऑक्टोबर १७८०, मृत्यू ५ मे १८५१. धंदा लिलावाचा. १८२६ मध्ये तो वर्षभर न्यूयॉर्कचा महापौर होता. एका मोठ्या कालवा कंपनीचा तो पहिला अध्यक्ष, बचत बँकेचा विश्वस्त आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सनच्या विरोधकांच्या व्हिग पक्षाचा खंदा कार्यकर्ता. आणि १८२८ पासून मरेपर्यंत त्याने जी डायरी लिहिली, तिच्यामुळे आज आपण त्याच्याबद्दल बोलतो आहोत. महापौर शहराने पुष्कळ पाहिले. तेवीस वर्षं शहराकडे डोळे उघडे ठेवून पाहणारा आणि पाहिलेलं लिहून ठेवणारा माणूस मात्र विरळा. माझ्या मते त्याची खरी शहरसेवा हीच.

तो घरचा श्रीमंत होता का?

मुळीच नाही. बाप जर्मन वंशाचा, सुतारकाम करणारा. जॉन स्ट्रीट आणि डच स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या लाकडी घरात फिलिप जन्मला. त्या वेळी शहर ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होतं. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध अजून संपायचं होतं. शिक्षण बेताचंच. पुढे त्याने जे काही वाचलं, भाषा कमावली, चित्रं आणि पुस्तकं जमवली, ते सगळं पैसा हाती आल्यावर, स्वतःच्या हौसेने.

मग सुताराच्या पोराकडे एवढा पैसा आला कुठून?

लिलावातून. मोठा भाऊ जॉन याचा लिलावाचा धंदा होता. फिलिप सोळा-सतराव्या वर्षी तिथे कामाला लागला आणि विशी गाठायच्या आत भागीदार झाला.

इथे जरा थांबून तो धंदा समजून घ्यायला हवा. ‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, आणि आज तो ऐकला की डोळ्यांपुढे एक तर बाजार समितीतला कांदा येतो, नाही तर बँकेने जप्त केलेलं घर. होनच्या न्यूयॉर्कमध्ये लिलाव म्हणजे चक्क घाऊक आयातीचा राजमार्ग होता. लिव्हरपूलहून जहाज यायचं, त्यात कापडाचे गठ्ठे, लोकर, काचसामान, भांडी. हा माल एकेका दुकानदाराला विकत बसायला वेळ कोणाला? तो लिलावदाराकडे जायचा. लिलावदार नमुने मांडायचा, याद्या छापायचा आणि ठरल्या दिवशी लॉट पुकारायचा. आतल्या भागातले दुकानदार बोली लावून गठ्ठेच्या गठ्ठे उचलायचे. लिलावदाराला दलाली मिळायची आणि राज्य सरकारला कर.

१८१२ मध्ये इंग्लंडशी सुरू झालेलं युद्ध १८१५ मध्ये संपलं आणि या धंद्याला उधाण आलं. युद्धकाळात इंग्लंडच्या गोदामांत माल तुंबून राहिला होता, तो कारखानदारांनी मिळेल त्या भावाला अमेरिकेत ओतला, आणि त्यातला मोठा वाटा न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. १८१७ मध्ये राज्याने कायदा केला की लिलावात एकदा पुकारलेला माल विकलाच पाहिजे, भाव पडला म्हणून मागे घेता येणार नाही. गिऱ्हाइकाला खात्री पटली की इथे खरोखर स्वस्त मिळतं. बॉस्टन आणि फिलाडेल्फियाकडे जाणारे व्यापारीही इकडे वळले. पुढच्याच वर्षी ठरल्या तारखेला, जहाज भरो न भरो, लिव्हरपूलला सुटणारी जहाजसेवा सुरू झाली. न्यूयॉर्क अमेरिकेचं पहिलं बंदर झालं त्यामागे या गोष्टी होत्या, आणि होन बंधू नेमके त्या प्रवाहाच्या मधोमध उभे होते.

त्याने एवढ्या लवकर धंदा का सोडला?

१८२१ मध्ये, चाळिशीत, त्याने हिशेब मिटवला. तोवर निदान पाच लाख डॉलरची माया जमली होती. तेवढी पुरे, असं त्याला वाटलं. मग युरोपची सफर केली, सिटी हॉलसमोरच्या बागेकडे तोंड असलेलं २३५, ब्रॉडवे हे घर पंचवीस हजार डॉलरला घेतलं आणि उरलेला वेळ शहराला, मित्रांना आणि पुस्तकांना द्यायचा असं ठरवलं. आज वूलवर्थ इमारत उभी आहे तोच हा भाग.

महापौर म्हणून लोकांनी त्याला निवडून दिलं होतं का?

नाही. त्या काळी महापौर नगर परिषदेचे सभासद निवडत, तेही एका वर्षासाठी. होन १८२६ च्या जानेवारीत निवडला गेला आणि पुढच्या वर्षी पायउतार झाला. थेट जनतेच्या मतांनी महापौर निवडायची पद्धत १८३४ मध्ये आली. ती पहिली निवडणूक तीन दिवस चालली, रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या, आणि होनच्या पक्षाचा उमेदवार दोनशेहून कमी मतांनी पडला. होनला ते फार लागलं होतं.

एका वर्षात त्याने काय केलं?

आजच्या न्यूयॉर्ककरांच्या रोजच्या पाहण्यातली एक गोष्ट तरी त्याच्या खात्यावर आहे : वॉशिंग्टन स्क्वेअर. तिथे आधी बेवारस आणि गोरगरीब मृतांची दफनभूमी होती, पीतज्वराच्या साथींतले कितीतरी लोक तिथे पुरले होते. होनच्या कारकिर्दीत ती जागा लष्करी कवायतीचं मैदान म्हणून जाहीर झाली. ४ जुलै १८२६ ला, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, तिथे मोठा सोहळा झाला, आख्खे बैल भाजून लोकांना जेवण दिलं गेलं. त्याच दिवशी जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष वारले. बातमी न्यूयॉर्कला पोचायला अर्थातच वेळ लागला. मैदानाभोवती पुढे बड्या लोकांची घरं उठली आणि भाव वधारले.

पुढे १८४५ मध्ये होनने डायरीत तक्रार केली आहे की या शहराचं ब्रीदच ‘उलथून टाका, उलथून टाका, उलथून टाका’ असं आहे, पूर्वजांच्या हाडांनाही पाव शतक स्वस्थ पडू देत नाहीत. हे वाचताना मला दर वेळी वॉशिंग्टन स्क्वेअरखालची हजारो हाडं आठवतात. त्या नोंदीत त्यांचा उल्लेख नाही. त्याला आठवले ते स्वतःसारख्यांचे पूर्वज, आणि हे मला खटकतं.

कालव्याशी आणि रेल्वेशी त्याचा काय संबंध?

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात अँथ्रासाइट नावाचा कठीण, कमी धुराचा कोळसा होता, पण तो न्यूयॉर्कपर्यंत आणायचा कसा हा प्रश्न होता. वुर्ट्‌स नावाच्या भावांनी कालव्याची कल्पना काढली. हा दगडासारखा कोळसा जळतो यावर लोकांचा विश्वासच बसेना. म्हणून १८२५ च्या जानेवारीत वॉल स्ट्रीटवरच्या टॉन्टाइन कॉफी हाउसमध्ये शेगडीत तो पेटवून दाखवला आणि तिथेच समभागांची विक्री उघडली. समभाग हातोहात गेले.

या डेलावेर अँड हडसन कॅनॉल कंपनीचा पहिला अध्यक्ष होन. १३ जुलै १८२५ ला खोदाईचं पहिलं फावडं त्याने मारलं. १०८ मैलांचा कालवा १८२८ मध्ये पुरा झाला. खाणींकडच्या टोकाला जे गाव वसलं त्याला त्याचं नाव मिळालं : होन्सडेल.

खाणीतून कालव्यापर्यंत डोंगर ओलांडायला कंपनीने उतारांची रेल्वे बांधली, आणि इंग्लंडहून ‘स्टोरब्रिज लायन’ हे वाफेचं इंजिन मागवलं. ८ ऑगस्ट १८२९ ला होन्सडेलमध्ये होरेशिओ ॲलन या तरुण अभियंत्याने ते एकट्याने चालवलं. रूळ लाकडाचे, वर लोखंडाची पट्टी ठोकलेली, आणि इंजिन मागवलेल्या वजनापेक्षा कितीतरी जड. अपघात झालाच तर दुसऱ्या कोणाचा जीव जाऊ नये म्हणून त्याने सोबत कोणाला घेतलं नाही. इंजिन नीट गेलं, नीट परत आलं. पण रूळ त्याचा भार कायमचा सोसणार नाहीत हे कळून चुकलं आणि ते बाजूला पडलं. अमेरिकेत व्यापारी रुळांवर धावलेलं ते पहिलं पूर्ण आकाराचं वाफेचं इंजिन. होन तेव्हा अध्यक्षपदावरून उतरला होता, पण गाव त्याच्याच नावाचं.

डायरी किती मोठी आहे? ती लिहायचं त्याला का सुचलं असेल?

मोठ्या आकाराच्या २८ वह्या, जवळपास वीस लाख शब्द. नियमित नोंदी १८२८ च्या मे महिन्यात सुरू होतात. मूळ वह्या न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. छापून आले आहेत ते निवडक भाग.

मला वाटतं, हे व्यापाऱ्याच्या हाडात मुरलेलं वळण आहे. आपल्याकडच्या पेढीवर दिवस मावळला की रोजकीर्द लिहायची, मग ती खतावणीत चढवायची. कोणाचं येणं, कोणाचं देणं, कशाचा भाव काय. होनच्या नोंदी वाचताना तीच शिस्त जाणवते. तो भाव लिहितो, भाडी लिहितो, जेवायला कोण कोण होतं त्यांची नावं लिहितो, कोण मेलं आणि किती मागे ठेवून गेलं तेही लिहितो. कादंबरीकाराची नजर त्याच्याकडे नाही, पण किमती त्याच्या कधी चुकत नाहीत. बाजाराच्या अंगाने शहर समजून घ्यायचं तर याहून चांगला वाटाड्या मला माहीत नाही.

१८३५ च्या आगीबद्दल त्याने काय लिहिलं?

त्याच्या लेखणीतून उतरलेलं सगळ्यात थरारक प्रकरण हेच. १६ डिसेंबर १८३५ ची रात्र. थंडी उणे सतरा फॅरनहाइट. नऊच्या सुमारास व्यापारी भागातल्या एका गोदामाला आग लागली. बंबवाले दोन दिवसांपूर्वीच्या आगींनी आधीच दमलेले. नदी गोठलेली. बर्फाला भोकं पाडून पाणी उपसायचं तर ते चामड्याच्या नळ्यांतच गोठायचं. गोदामं कापडाने, दारूच्या पिंपांनी, तेलाने भरलेली, एकाला एक लागून. वॉल स्ट्रीटवरची मर्चंट्‌स एक्स्चेंज ही संगमरवरी इमारत, जिथे होन आणि त्याचे मित्र रोज भेटत, तीही कोसळली. शेवटी ब्रुकलिनच्या नौदल तळावरून सैनिकांनी बंदुकीची दारू आणली आणि आगीच्या वाटेतल्या इमारती उडवून दिल्या, तेव्हा कुठे ती अडली. ६७४ इमारती गेल्या. नुकसान साधारण दोन कोटी डॉलर.

दुसऱ्या दिवशीच्या नोंदीची सुरुवात अशी : ‘काल रात्रीच्या घटना मी लिहू तरी कशा?’ मॉस्कोची आग वगळली तर एवढं नुकसान करणारी आग जगाने पाहिली नसेल, असं तो म्हणतो. शरीर थकलं आहे, मन अस्वस्थ आहे, डोळ्यांपुढून ती दृश्यं हलत नाहीत, हेही लिहितो. पण तरीही त्या दिवशी तो लिहायला बसला, आणि रस्ता कोणता, कुठून कुठवर जळला, कोणाची पेढी गेली हे क्रमाने सांगत गेला. विमा होता म्हणून वाचलो असं समजणाऱ्यांचंही चुकलं, कारण शहरातल्या बहुतेक विमा कंपन्याच या आगीत बुडाल्या.

त्याने स्वतःचं घर का विकलं?

आगीनंतर लगेच जमिनीचे भाव पडतील असं वाटलं होतं, झालं उलटं. जळालेले भूखंडसुद्धा चढ्या भावाने गेले. ब्रॉडवेच्या त्या भागात दुकानं आणि हॉटेलं सरकत होती. १८३६ च्या मार्चमध्ये होनने पंचवीस हजारांचं घर साठ हजारांना विकलं. डायरीत लिहिलं : ‘मी स्वतःलाच घराबाहेर काढलं आहे, पण साठ हजार डॉलर म्हणजे पुष्कळच पैसा.’ या एका वाक्यात दोन माणसं बोलतात, एक घरातला आणि एक लिलावातला. ज्यांनी वाडा पाडून इमारतीला दिला असेल त्यांना हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही. पुढे तो उत्तरेला, ब्रॉडवे आणि ग्रेट जोन्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर नवं घर बांधून राहायला गेला.

१८३७ मध्ये त्याचं काय झालं?

मंदी आली आणि त्याच्या दारातच आली. थोरल्या मुलाची पेढी बुडाली. बापाने दिलेलं भांडवल तर गेलंच, पण मुलाच्या हुंड्यांवर, म्हणजे व्यापारातल्या उधारीच्या चिठ्ठ्यांवर, बापाने जामीन म्हणून सह्या केल्या होत्या, त्यांची रक्कम भयंकर होती. लिलावात आयुष्यभर दुसऱ्यांची दिवाळखोरी पाहिलेला माणूस सत्तावन्नाव्या वर्षाकडे जाताना स्वतःचे हिशेब पुन्हा मांडू लागला. त्याची बरीचशी संपत्ती गेली ती परत कधी उभी राहिली नाही.

मे महिन्यात बचत बँकेवर लोक तुटून पडले. ही बँक मोलकरणी, कारागीर, लहान दुकानदार यांची. होन तिचा विश्वस्त. बँक सहाला बंद व्हायची, पण आत आलेल्या माणसांचे पैसे देता देता रात्रीचे नऊ वाजले. तो इतर विश्वस्तांबरोबर तिथे उभा होता. बायका चेंगरून मरायच्या बेताला आल्या होत्या, धट्ट्याकट्ट्या पुरुषांनाही उभं राहवत नव्हतं. तरी प्रत्येकाने आपलं पासबुक मुठीत गच्च धरलं होतं आणि उरल्यासुरल्या ताकदीनिशी एकच ओरडा चालू होता : ‘द्या! पैसे द्या!’ दुसऱ्या दिवशी, १० मे ला, न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं. बँकेच्या दाराला कुलूप लागल्यावर पायरीवर बसून राहिलेले ठेवीदार आपल्यापैकी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी ही नोंद जरूर वाचावी.

राजकारणात तो कोणत्या बाजूचा?

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचा कट्टर विरोधक. जॅक्सनने मध्यवर्ती बँक मोडीत काढली आणि त्यातूनच ही मंदी ओढवली, असं होन शेवटपर्यंत मानत होता. जॅक्सनविरोधकांना ‘व्हिग’ हे नाव १८३४ च्या सुमारास रूढ झालं, त्यात होन आणि त्याची मित्रमंडळी पुढे होती. व्हिग पक्षाचा पुढारी डॅनियल वेबस्टर त्याचा जवळचा मित्र. मेक्सिकोवरच्या युद्धाला त्याचा विरोध होता. महापौरपदानंतर मात्र लोकांनी त्याला एकदाही निवडून दिलं नाही. १८३९ मध्ये राज्याच्या सिनेटसाठी उभा राहिला आणि पडला.

त्याच्यात दोष काहीच नव्हते का?

होते, आणि ते त्याच्याच अक्षरात आहेत. आयरिश स्थलांतरितांबद्दल तो फार कडवट लिहितो. १८३२ मध्ये पटकीची साथ आली, शहरात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं दगावली, तेव्हा त्याने जहाजांतून उतरणाऱ्या गरीब आयरिश आणि जर्मन लोकांच्या घाणेरडेपणाला आणि दारूला दोष दिला. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, हे खरं. पण तो स्वतः जर्मन घराण्यातल्या सुताराचा मुलगा होता, आणि त्याच्या कंपनीचा कालवा खोदणाऱ्यांत आयरिश मजूरच मोठ्या संख्येने होते. हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

गुलामगिरी त्याला वाईट वाटे, तरी तिच्याविरुद्ध उभे राहणारे त्याला माथेफिरू वाटत. न्यूयॉर्कच्या बंदराचा व्यापार दक्षिणेच्या कापसात गुंतलेला होता, आणि होनसारख्या पेढीवाल्यांच्या गप्प बसण्यामागे हा कापूस होता, असं मला स्पष्ट दिसतं.

शहराबद्दल आनंदाचं काही लिहिलं आहे का?

पुष्कळ. जेवणावळी, नाटकं, १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या स्वागताचा नाच, ज्याच्या समितीत तो स्वतः होता. पण मला आवडते ती क्रोटन नदीच्या पाण्याची नोंद. विहिरींच्या खारट, घाण पाण्यावर जगणाऱ्या शहरात चाळीस मैलांवरून जलवाहिनीने पाणी आलं. १८४२ च्या ऑक्टोबरात मोठी मिरवणूक निघाली. होन लिहितो की शहरात दुसरा विषयच नाही. कारंजी, नळ, पाइप यांनी रस्ते अडले आहेत, जो तो पाण्याबद्दलच बोलतो आहे. आगीच्या रात्री गोठलेल्या नळ्या पाहिलेल्या माणसाची ही नोंद आहे, म्हणून ती जास्त भिडते.

शेवटची वर्षं कशी गेली?

तब्येत ढासळत गेली. १८४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टेलर यांनी त्याला न्यूयॉर्क बंदराच्या जकातखात्यात वरिष्ठ पदावर नेमलं. पैशाची ओढाताण होती, त्यामुळे या नेमणुकीचा आधार झाला. त्याने धंदा सोडला त्या सुमारास, १८२० च्या शिरगणतीत, शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आत होती. १८५० मध्ये ती पाच लाखांपुढे गेली होती.

डायरीतली शेवटची नोंद कोणती?

३० एप्रिल १८५१ ची. महिनाभर आजाराने लिहिणं जवळपास बंद होतं. अंगात त्राण नाही, जेवण जात नाही, हाडांवर मांस उरलेलं नाही, असं तो लिहितो. तरी आताआतापर्यंत रोज तास-दोन तास कचेरीत जात होतो, या सोमवारपासून तेही जमेनासं झालं, हेही नोंदवतो. वहीची चारच पानं कोरी आहेत. उद्या मे महिन्याची पहिली तारीख. मग लिहितो : ‘एकोणतिसावी वही टेबलावर तयार आहे. पुढे चालू ठेवायचं का?’

पाच दिवसांनी तो वारला.